कमाटी का कोसळते

तरसाली, बडोदे
बुधवार, १७ ऑक्टोबर २००१

चि. उन्मेषला ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं मजेत. तूही मजेत असशील असं धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. तीन वर्षं तुझा फोन येतो तो दाजींना. चुकून मी उचलला तर "दाजी आहेत का?" एवढंच, एखाद्या पतपेढीच्या वसुलीवाल्यासारखं. ई-मेल केली तर एका शब्दात उत्तर देऊन मोकळा होशील. म्हणून हा कागद. शेजारचे दत्ताजीराव उद्या रात्रीच्या लक्झरीने लेकीकडे पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती देते आहे. काल त्यांना नुसतं पाकीट दाखवलं तर चाचपून म्हणाले, "आत काय कडक लागतंय? वाटणी केलीस की काय भावाशी?" मी म्हटलं, "वाटण्या तीन वर्षांपूर्वीच झाल्या, दत्ताजीराव."

आज घट बसले. समोरच्या मैदानात गरब्याचा मंडप पडलाय आणि माइकवाला सकाळपासून "हेलो, टेस्टिंग" करतोय. आपल्या कमाटीची आपण इतकी कसून चाचणी केली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. कमाटीबागेच्या बाकावर बसून तू एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम आखलीस आणि तिला बागेचंच नाव दिलंस, तेव्हा शेंगा खात मी शेजारीच होते.

तर रविवारी तू दाजींना जे सांगितलंस ते त्यांनी मला सांगितलं. सांगू नका म्हणाला होतास, ठाऊक आहे. कोयलीला रिफायनरीत पाइपांची गळती थांबवण्यात या माणसाचा जन्म गेला. स्वतःची थांबत नाही.

"उन्मेष खचलाय," म्हणाले. "पिंपरीची कंपनी आपल्या यंत्रांत कमाटी घ्यायला तयार आहे. अट एकच, सगळी दुनिया वापरते त्या कंपायलरवर ती बांधता आली पाहिजे. बांधली जाते, पण सकाळी चालते आणि दुपारी कोसळते. काही बदललेलं नसताना! म्हणतो, दाजी, हात गेला माझा, नवीन जमायचं वय राहिलं नाही. पुढल्या सोमवारी त्यांना नाही कळवतोय."

"त्याला म्हणावं थांब."

"तूच म्हण ने," बडोदेकरी सुरात म्हणाले, आणि पेपर तोंडापुढे धरला.

उन्मेष, तुझा हात गेलेला नाही. तुझा हात पहिल्यापासून असाच आहे.

रागावलास तरी पुढे वाच. दाजींना समजावलं तसंच तुला सांगते, कारण तांत्रिक भाषेत सांगितलं की तू वाद घालतोस. म्हटलं, उन्मेष प्रोग्राम लिहितो आणि कंपायलर तो यंत्राच्या भाषेत नेतो. यंत्राची मेमरी म्हणजे डबे समजा. वापरण्याआधी डबा पुसून घ्यावा, त्यात निदान शून्य तरी ठेवावं. उन्मेष ते विसरतो. मग डब्यात आधीच्याचं खरकटं असतं आणि हा त्यालाच भाजी समजून पुढे जातो. खरकटं साधं असलं तर निभावतं, नसलं तर सिस्टिम कोसळते.

"मग बडोद्यात इतकी वर्षं कशी चालली?" दाजींनी नेमकं तिथेच बोट ठेवलं.

कारण बडोद्यात कंपायलर माझा होता.

सुरुवातीला तुला सांगून पाहिलं. तू "हो ताई" म्हणालास, शाळेत "डबा घासलास का?" ला म्हणायचास त्याच सुरात. आई सगळ्या सोसायटीत सांगायची, माझा उन्मेष स्वतःचा डबा स्वतः घासतो. घासायचे मी. पण तुझं कौतुक ऐकायला मलाही गोड लागायचं, त्याला औषध नाही. तेव्हा मी कंपायलरलाच शिकवलं, उन्मेष डबा उघडेल तिथे आधी गुपचूप शून्य ठेव. पुढे तू सेमिनारांत छाती काढून सांगायचास, "कमाटी आजवर पडलेली नाही." मागच्या रांगेतून सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्या.

म्हणून तीन वर्षांपूर्वी त्या दिवशी लॅबमध्ये पोरांसमोर तू म्हणालास, "ताई, जग एका कंपायलरवर चालतंय, आपण किती दिवस वेगळी चूल मांडायची?" तेव्हा मी नाही म्हटलं. खरं तर तुझंच बरोबर होतं. कमाटी आपल्या दोन खोल्यांबाहेर कुणी विचारत नव्हतं. पण परक्या कंपायलरच्या हाती पडल्यावर तुझं काय होईल ते मला दिसत होतं. तू म्हणालास, "तुला कमाटीशी देणंघेणं नाही, तुला तुझा कंपायलर मिरवायचाय!" पोरं खाली बघत होती. एका वाक्यात तुझं तोंड बंद करता आलं असतं, पण त्याच वाक्यात त्या पोरांचा सरही गेला असता. त्यापेक्षा ताई गर्विष्ठ ठरलेली परवडली. तेव्हा परवडली. "दाजी आहेत का" ऐकून ऐकून आता तितकीशी परवडत नाही.

परवा डिपार्टमेंटमध्ये जुनी कमाटी काढली आणि त्या कंपायलरवर चढवली, त्याच्या धोक्याच्या सूचना चालू ठेवून. तू बंद केल्या असणार, पैज लावते. तुला मधेमधे बोललेलं खपत नाही. चालू कर, आणि वेग वाढवायच्या ऑप्टिमायझेशनसकट, नाहीतर या बाबतीत तो तोंड उघडत नाही. पडदा भरून एकच तक्रार येईल, किंमत देण्याआधी वापर. वाचता वाचता मला तो परका चक्क आवडला. मी जे कधी बोलले नाही ते तो तोंडावर बोलतो. कुणाची बहीण नाही ना, त्याला सोपं आहे.

त्यालाही सगळं दिसणार नाही. प्रोग्राम चालू असताना मागून घेतलेली जादा मेमरी तू न पुसता तशीच वापरतोस, फाइलींच्या भागात तर हमखास. तिथे स्वतः बघ. पण रोग एकच आहे, आणि वयाचा नाही. कमाटीची रचना आजही वर्गात शिकवताना मला तुझा हेवा वाटतो. मी डबे घासले रे. स्वयंपाक तुझाच होता.

सोमवारी त्यांना नाही कळवू नकोस. मुदत माग.

दत्ताजीरावांना कडक लागली ती फ्लॉपी होती. सगळीकडे शून्यं भरलेली दुरुस्त कमाटी. एकही शब्द न लिहिता तीच पाठवणार होते, नेहमीसारखी. आज पाकीट फोडून काढून घेतली आणि हे लिहायला बसले. या वेळी तुझं तू घास. जमेल तुला.

तुझा डबा सोडलेली, तुला न सोडलेली,
निरुपमाताई

ता. क. फ्लॉपी माझ्या टेबलाच्या खणात आहे. पुसलेली नाही. कुणाच्या हाती मिळणार नाही, दाजींच्या तर नाहीच. हवी असली तर येऊन ने.