मुखवट्यानं तुला बोलावलं होतं

प्रिय न्यान,

मोनरोव्हियाच्या पत्त्यावर हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींत मी भाताचं आणि शेजारणींच्या भांडणांचं लिहीत बसले. खरं लिहायचा धीर झाला नाही. बांना आता पेजही गिळवत नाही. तरी परवापर्यंत रोज सकाळी मुखवट्यापुढे ठेवायला कोलाचं बी मागायचे. तोकपाकाका त्यांना धरून मुखवट्याच्या झोपडीत न्यायचे. मी बाईमाणूस, वळणावरच थांबायचे. आतून बांचा आवाज यायचा, "चाळीस वर्षं तुला भात भरवला, आता माझ्यामागं तुला उचलायला माझ्या घरात कुणाच्या स्वप्नात येत का नाहीस?"

तोकपाकाका नवा चेहरा कोरायला केव्हाचे तयार आहेत, पण ज्याला स्वप्न पडलं त्याचं नाव कळल्याशिवाय ते झाडाला हात लावत नाहीत. बांना चिडवायचे, "म्हाताऱ्या, त्याला तुझ्या घरचा भात नकोसा झालाय." बा वरवर हसायचे. कापणीनंतर मुखवटा दुसऱ्या घराला द्यायचं पंचांनी ठरवलंय. तो जाईल याचं बांना एवढं नाही. त्यानं आपल्याला टाकलं, हे त्यांना खातंय.

आणि मला सगळं माहीत आहे. तू पुरुष होण्याची रानातली दीक्षा घेऊन आलास, त्याच पावसाळ्यात नदीवर मला म्हणालास, "ताई, तीन रात्री तोच चेहरा येतोय. मला उचल म्हणतोय." मी हसले, ताडी उतरली नाही का म्हणाले. मग घाबरून म्हटलं, बांना सांग. आधी बापाला सांगायचं ते तू बहिणीला सांगितलंस, आणि वर पाण्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीस, कारण मुखवटा उचलणाऱ्याला गाव सोडता येत नाही, आणि तुला शहरात शिकायचं होतं. बारा वर्षं मी तोंड शिवून बसले. तुझा राग येतो रे. माझाही येतो.

परवा मी शपथ मोडली. बांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "पोरी, बापाचं दुःख बघवेना म्हणून गोष्ट रचलीस. मुखवट्याचा निरोप बाईच्या तोंडून येत नसतो." तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेत. तोकपाकाका म्हणतात, फार तर चार दिवस काढतील. तू मुखवटा उचलू नकोस, न्यान, इथे राहूही नकोस. फक्त ये, आणि एकदा तुझ्या तोंडानं त्यांना सांग. मी सांगितलेलं खरं असून उपयोगाचं नाही.

वाट पाहणारी तुझीच ताई,
कोऊ