तुटणाऱ्या तुळईवरचं नाव

१२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच, आज ते रागाच्या भरात पाठवतेय, एवढंच. आईचा गुडघा बरा आहे. जिना चढताना माझ्याशी भांडते, म्हणजे तब्येत उत्तम.

आता तुझ्या कंपनीबद्दल. इंजिनिअरिंगचा ऑनलाइन कोर्स 'आपुलकीचा' करायचा म्हणून तू जे केलंस, ते काल मी विद्यार्थी होऊन पाहिलं. पडद्यावर एक तुळई, तिच्यावर विद्यार्थ्याचं नाव. गणित चुकलं की तुळई काडकन तुटते, नावाचे दोन तुकडे होतात आणि एक हसरा चेहरा म्हणतो, 'अरेरे, पुन्हा प्रयत्न कर!' ही आपुलकी? अरे, वर्गात शिकवायचे तेव्हा कुणी चुकलं की मी त्याच्या बाकावर जाऊन बसायचे.

आज आपल्या शिक्षकांच्या मीटिंगमध्ये हे बोलले, तर तू म्हणालास, "ताई, मुलांना मजा येते गं. आकडे बघ."

त्या आकड्यांत चाळिशीची एक विद्यार्थिनी आहे. लग्नापायी सुटलेलं शिक्षण पुरं करायला बसलीय, ओट्याच्या कडेला लॅपटॉप ठेवून. हुशार आहे. भार तुळईवर नेमका कुठे धरायचा, तिथेच गोंधळते. कुणी शेजारी बसलं तर चुटकीसरशी कळेल. पण तिच्या लहान मुलीला तो सगळा खेळच वाटतो. ती घरभर ओरडत फिरते, "आई परत तुटली!" परवा मला फोन आला, "सोडते मी. माझ्याच्याने नाही व्हायचं."

तिचं नाव तुला सांगणार नाही, असं कबूल केलंय. माहेरच्या नावाने प्रवेश घेतलाय तिने. पास झाल्यावरच घरी सांगणार होती.

पण तूही होतास ना रे तिथे? मुलीने जेवताना तेच 'आई परत तुटली' सांगितलं, तेव्हा ताटातून मान वर न करता हसत विचारलंस, "कसला गेम खेळतेस गं?"

स्वतःचा कोर्स ओळखला नाहीस. स्वतःच्या बायकोचा पडलेला चेहराही दिसला नाही तुला.

आता तिला परस्पर पास करून टाकू नकोस, आणि माफीचा केकही नको. तुळईवरून नावं काढायची तर सगळ्यांची काढ, नाहीतर सोमवारपासून माझे तास दुसऱ्या कुणाला दे. आज घरी गेलास की ओट्यापाशी स्टूल ओढून बस. कुठे अडलंय, विचार. उत्तर सांगू नकोस. तिचं तिला सुचेपर्यंत गप्प बसून राहा.

आधी तिची शिक्षिका, आणि मगच तुझी
ताई