बॅलिनवॉराची हक्काची जागा

२६ जानेवारी १८७४, सोमवार

पार्लमेंट बरखास्त झालं. मला कोणी विचारलं नाही. एकवीस वर्षं मी बॅलिनवॉराचा मेंबर आहे. माझ्याआधी वडील होते, त्यांच्याआधी आजोबा. पंतप्रधानांनी निदान चार ओळी तरी लिहायला हव्या होत्या. शेवटी पेपरात वाचावं लागलं, तेही हनोरियाचं वाचून झाल्यावर. (हनोरिया माझी पत्नी. पेपर आधी कोणी वाचायचा यावर आमचं एकोणतीस वर्षांत एकमत झालेलं नाही.)

असो. आपल्याकडे निवडणूक म्हणजे नुसता उपचार. दोनशे सहा मतदार, आणि बहुतेक सगळे आमच्याच जमिनीवर राहणारे. कारभारी स्कॅलनला अंदाज विचारला. म्हणाला, "मालक, यंदा सांगता येत नाही. मतदान आता गुप्त झालंय."

मी म्हटलं, गुप्त असेल, पण ते परक्यांपासून. आपल्यापासून कशाला?

तो जमिनीकडे बघत राहिला. म्हातारा होत चाललाय.

संकल्प: रोज सहाला उठणे. रोज दहा घरं. प्रत्येकाला नावानं हाक.

२७ जानेवारी

पावणेदहाला उठलो. गारठा फार.

चांभार डर्कनच्या दुकानात गेलो. "काय मर्फी, बरं आहे ना?" असं अगदी मोकळेपणानं विचारलं. तो म्हणाला, "मर्फी माझा सासरा, मालक. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली." मी म्हटलं, "फार चांगला माणूस. नेहमी आपल्यालाच मत द्यायचा." डर्कन म्हणाला, "हो, तेव्हा मोठ्यानं द्यावं लागायचं."

निष्ठावंत घराणं आहे.

आज झालेली घरं: एक. पण नुसत्या संख्येला काय अर्थ आहे?

२९ जानेवारी

आनंदाची बातमी. आयर्लंडचा कारभार आयर्लंडातूनच हवा म्हणणाऱ्या त्या होमरूलवाल्यांनी डब्लिनहून एक वकील आणला होता, त्याचा घसा बसला आणि तो परत गेला. मैदान मोकळं. दुपारी शेरी घेतली.

लायोनेल दिवसभर गावात होता. पोरगा सव्वीस वर्षांचा झाला, पण महत्त्वाकांक्षा म्हणून नाही. लंडनला ये म्हटलं की येत नाही. गेल्या हिवाळ्यात इथे तापाची साथ होती तेव्हा मी अर्थातच बाहेर होतो. हा इथेच राहून रोगी गाडीत घालून नदीपर्यंत, आणि तिथून नावेतनं पलीकडच्या इस्पितळात पोहोचवत बसला. माझ्या नव्या गाडीत! गादीचं कापड बदलावं लागलं.

त्याला राजकारणाची गोडी लावली पाहिजे. सोमवारच्या सभेत माझी हॅट धरायला त्यालाच उभं करणार.

३१ जानेवारी, दुपारी एक



आज कोर्टात उमेदवारी अर्ज दाखल झाले. होमरूल पक्षातर्फे: लायोनेल बेलिंगफर्ड. सूचक डर्कन चांभार. अनुमोदक फादर मल्कॅही. उरलेल्या आठ सह्यांतले पाच जण माझ्याच जमिनीवर राहतात.

माझा मुलगा. माझं आडनाव. माझ्याच कोर्टाच्या पायऱ्या. त्या बांधायला आजोबांनी दगड दिला होता.

त्याच दिवशी, रात्री

शाबास! आता लक्षात आलं.

पोरगा मुद्दाम शत्रूच्या गोटात शिरलाय. वकील पळाल्यावर त्यांनी दुसरा कोणी तगडा माणूस आणलाच असता. ती जागा यानं स्वतः अडवली. वेळ आली की हळूच माघार घेईल आणि मी बिनविरोध. त्याच्या वयात मलाही हे सुचलं नसतं. गोडी कसली लावायची, हा माझ्याही पुढे निघाला.

जेवताना त्याला डोळा मारला. तो म्हणाला, "बाबा, डोळ्यात काही गेलंय का?" काय अभिनय! मग म्हणाला, "मी तुम्हाला तीनदा सांगायला आलो होतो. तिन्ही वेळा तुम्ही मला नदीच्या गाळावरचं भाषण वाचून दाखवलंत." नोकरांसमोर असं बोलणंच शहाणपणाचं. मी पुन्हा डोळा मारला. हनोरियानं चमचा खाली ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. तिला यातलं काही कळत नाही.

१ फेब्रुवारी

स्कॅलन म्हणतो, माघारीची मुदत कालच संपली.

मग त्याचा बेत याहून खोल असणार. ऐन दिवशी आपल्या लोकांना सांगेल, "मतं बाबांना द्या." म्हणजे त्यांचीही मतं मला आणि माझीही मला.

हनोरिया हिरव्या फिती कापत होती. कशाला म्हणून विचारलं. "तुम्हाला कशाला वाटतं?" म्हणाली. चर्चच्या सजावटीसाठी असणार.

२ फेब्रुवारी

बाजारचौकात माझी सभा. उपस्थिती मोजकी पण निवडक. बाकीचे गिरणीच्या आवारात लायोनेलचं ऐकायला गेले होते. तो त्यांना तिकडे गुंतवून ठेवतोय, म्हणजे इथे गडबड नको.

गाळाच्या प्रश्नावर एक तास दहा मिनिटं बोललो. हेच भाषण मी पार्लमेंटमध्ये करणार होतो, एकवीस वर्षांत वेळ मिळाला नाही. शेवटी टाळ्या झाल्या. थंडी घालवायला लोक हात चोळत होते असं स्कॅलनचं मत.

मध्येच एक मासळीवाली उठली. "मालक, पुलाचं काय?"

"कुठला पूल?"

"तोच, जो नाहीये."

लोक हसले. बाई पुढे म्हणाली, "माझा भाऊ तापानं फणफणत होता, मालक. नावेतनं पलीकडे इस्पितळात न्यायला दोन तास लागले. तुमच्या मुलानं वल्हं मारलं. भाऊ मधल्या पाण्यातच गेला. म्हणून म्हटलं विचारावं."

मी सांगितलं की गाळ काढल्याशिवाय पुलाचा विचार शास्त्रशुद्ध होणार नाही. कोणी काही बोललं नाही. पटलं असावं.

४ फेब्रुवारी

हनोरिया गाडी घेऊन तीन दिवस दारोदार फिरते आहे. सर्दी झाली असूनही! स्कॅलन सांगत होता, प्रत्येक दारी तिला आत बोलावतात, चहा देतात, बायका तिचे हात धरतात. हिला इतकी माणसं कधीपासून ओळखतात?

मला कोणी चहा दिला नाही. मोठ्या माणसासमोर लोक बुजतात.

रात्री तिचे आभार मानले. म्हटलं, माझ्यासाठी किती करतेस. तिनं दिवा बारीक केला. मग म्हणाली, "अहो, झोपा आता."

५ फेब्रुवारी, मतदान

कोर्टात फळ्यांचे आडोसे उभे केलेत. माणूस त्यामागे जातो आणि पेन्सिलीनं फुली मारतो. चोरासारखं. पूर्वी मांडवात उभं राहून चारचौघांत नाव पुकारायचे आणि मी समोर खुर्ची टाकून प्रत्येकाच्या डोळ्यांत बघायचो. त्याला म्हणायचं स्वातंत्र्य!

आजही खुर्ची टाकली. अधिकाऱ्यानं उठवलं. बाहेर दाराशी उभा राहिलो. बाहेर पडणारा प्रत्येक जण टोपी काढून म्हणत होता, "काळजी नको, मालक." अशा एकशे त्रेसष्ट काळजी-नको मोजल्या. विजय पक्का.

फक्त डर्कन काही बोलला नाही. टोपी काढली, एवढंच.

६ फेब्रुवारी

लायोनेल बेलिंगफर्ड, १५७.

सर थॅडियस बेलिंगफर्ड, ३८.

बाद, २.

चर्चची घंटा वाजवली. होमरूलच्या हिरव्या फिती सगळीकडे. माझ्या गाडीच्या घोड्यांनाही.

संध्याकाळपर्यंत एकसष्ट माणसं येऊन शपथेवर सांगून गेली की त्या अडतिसांत आपण होतो.

७ फेब्रुवारी

बेत वगैरे काही नव्हता. लायोनेल खरंच उभा होता.

हनोरियाला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, "ठाऊक? त्याला मीच उभं केलं. मला मत असतं तर तेही त्यालाच दिलं असतं."

मी म्हटलं, हा विश्वासघात आहे. बायकोनं नवऱ्याचा केलेला.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "गेल्या हिवाळ्यात मी तुम्हाला पाच पत्रं लिहिली. गावात माणसं मरताहेत, या, म्हणून. उत्तर एकाचं आलं. त्यात तुम्ही शिकारी कुत्रीचा पाय कसा आहे ते विचारलं होतं."

"पार्लमेंट चालू होतं, हनोरिया."

"डिसेंबरात? बंद होतं. तुम्ही कोणा ड्यूककडे तितर मारायला गेला होतात."

मग म्हणाली, "आपलं पोरगं तीन आठवडे त्या घरांतून वावरत होतं. रोज संध्याकाळी तो परत येईपर्यंत मी दारात उभी असायची. मी एकटी. तेव्हाच ठरवलं."

यावर उत्तर सुचलं नाही. उद्या सुचेल.

८ फेब्रुवारी

सुचलं नाही.

९ फेब्रुवारी

आज मन स्वच्छ आहे. सगळ्या जगानं दगा दिला: बायकोनं, मुलानं, फादरनं, जमिनीवरच्या कुळांनी. पण अडतीस माणसं अशी निघाली की ज्यांना कोणी बघत नव्हतं, कशाचं भय नव्हतं, तरी त्या आडोशामागे त्यांचा हात माझ्याच नावाकडे गेला. पूर्वीची ती ओरडून दिलेली मतं याच्यापुढे काहीच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच मला खरी मतं पडली.

हे लिहिताना डोळे भरून आले.

या अडतिसांना वाड्यावर जेवण घालणार. भाजलेलं मटण, क्लॅरेटची लाल वाइन. टेबलाच्या टोकाला मी. स्कॅलनला म्हटलं, ती माणसं शोधून काढ. तो म्हणाला, "राहू द्या ना, मालक." मी हट्ट धरला. तो थेट लायोनेलच्या खोलीकडे गेला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी लायोनेल आला. उभाच होता. बस म्हटल्यावर बसला.

"बाबा, ते जेवण घालू नका."

का, विचारलं.

"त्यांना अवघडल्यासारखं होईल." मग म्हणाला, "त्यांना मीच सांगितलं होतं. स्कॅलन आणि मी बसून चाळीस नावं काढली आणि घरोघर जाऊन सांगितलं की तुमचं मत बाबांना द्या. बोटांवर मोजण्याइतकीच पडली असती तर... आई म्हणाली, तुम्हाला ते सोसणार नाही."

मी विचारलं, डर्कनलाही सांगितलंस?

"पहिल्यांदा त्यालाच. तो म्हणाला, मालकांसाठी एवढं करतो, पण या एकाच खेपेला."

मी विचारलं, चाळीसच का? पन्नास का नाहीत?

तो हॅटची कड फिरवत राहिला.

"त्याहून जास्त कोणी तयार होईना, बाबा."

जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकणार होतो. झटकला नाही.

तो गेल्यावर बसून बघितलं. सांगितलं चाळिसांना. मतं पडली अडतीस. त्यातलं एक माझं स्वतःचं. म्हणजे चाळिसातलेही तिघे ऐन वेळी फुटले.

स्कॅलनला मत आहे. दुपारी तो कागद घेऊन आला होता. सह्या केल्या. ते कोणाला दिलं, हे त्याला विचारलं नाही.