पदराखालचा हात

रत्नागिरी, चैत्र, १९३१

प्रिय भिकादादा,

‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण तुझ्या पत्राने डोकं असं फिरलंय की आज ‘प्रिय’वरच भागवून घे. खतिजाबीकडे जाणं बंद कर, विधवा बाईने लोकांच्या अंगाला हात लावत फिरू नये, नाहीतर येऊन मुंबईला घेऊन जाईन आणि मावशीच्या स्वयंपाकघरात बसवीन, असं लिहिलंस. वा रे वा! मी काय आंब्याची पेटी आहे, बोटीवर चढवायला? नाही येणार. आणि शिकणंही सोडणार नाही.

तुला तिकडे बसून काय ठाऊक? आमचे हे वारल्यावर मी माहेरी आले आणि मला घेरी यायला लागली. विहिरीवर उभी राहिले की जमीन एका अंगाला कलायची. वैद्यांचे काढे झाले, भगताचा अंगारा झाला. पण दादा, त्या अख्ख्या वर्षात मला कुणी शिवलं नाही रे. शेजारच्या गंगाच्या हळदीला मी आपणहून मागे उभी राहिले, हात पदराखाली घेऊन, आणि सगळ्या बायकांना हायसं वाटलं. तेव्हापासून हात पदराखालीच राहिले.

खतिजाबी मिरकरवाड्यातली, आपल्याकडे नारळ घ्यायला यायची. एकदा तिने मला पडवीत भिंत धरून बसलेली पाहिली आणि न विचारता माझे पाय स्वतःच्या मांडीवर घेतले. खोबरेल लावलं, काशाची वाटी काढली आणि तळवे चोळायला लागली. मी हमसून हमसून रडले. आई आतून ओरडत होती, शिवाशिव झाली म्हणून. ओरडू दे! त्या दुपारी मी गाढ झोपले. उठले तेव्हा जमीन जागेवर होती.

मग मीच तिच्या दारात जाऊन बसले, मला शिकव म्हणून. तिने आधी वाटीला हातच लावू दिला नाही. आपलाच श्वास धावत असेल तर दुसऱ्याला काय निवांत करणार, म्हणाली. समुद्राकडे तोंड करून नुसती बसवायची, स्वतःच्या पोटावर तळहात ठेवून. मला मेलं हसूच यायचं. पुढे वाटी मिळाली तेव्हा काय केलं माहीत आहे? आपल्याकडे म्हणतात ना, तळवा काळा झाला की अंगातली उष्णता निघाली. तर मी तिच्या लेकीचा, फातिमाचा, तळवा काळाकुट्ट होईस्तोवर घासला. पोरगी किंचाळली. खतिजाबीने मला चापट मारली. काळं तर काशाचं निघतं गो, तू माणूस चोळतेस की भांडी घासतेस? आणि दुसरा हात पदरात कशाला लपवलास? तो पावलाखाली धर, तिला आधार नको? मी एकाच हाताने चोळतेय हे मला कळलंच नव्हतं.

आता वाडीतल्या बायका माझ्याकडे येतात. आधी मागच्या दाराने यायच्या, आता पुढून येतात. परवा गंगाच आली, सातवा महिना, झोप नाही. तिची सासू खळ्यात उभी राहून बडबडत होती, पांढऱ्या कपाळाचा हात लागला म्हणून. मी म्हटलं, थांबवायचं असेल तर सुनेने सांगावं. सुनेने डोळे मिटूनच दुसरा पाय माझ्या पुढे केला. मग म्हातारी पाय आपटत घरी गेली.

नुसतं नाही म्हणायला मला एक ओळ पुरली असती. एवढं लिहितेय ते तुझ्या बायकोमुळे, जनीवहिनीमुळे. ती शिमग्याला आली तेव्हा मी तिचे तळवे चोळत होते आणि ती सगळं बोलली. गिरणीत तुझ्या शेजारच्या मागावरचा लवू तुझ्या डोळ्यांदेखत यंत्राच्या पट्ट्यात ओढला गेला. तेव्हापासून तू झोपत नाहीस, गिरणीचा भोंगा झाला की कपातला चहा तुझ्या अंगावर सांडतो. मला यातलं एक अक्षर लिहिलं नाहीस, मेल्या! ये, मला न्यायला खुशाल ये. पण बोटीतून उतरून घरी आलास की तुझे पाय माझ्या मांडीवर येणार आहेत, आणि तेही आतल्या खोलीत दार लावून नाही. पुढच्या ओट्यावर, दिवसाढवळ्या, अख्ख्या वाडीसमोर. रडू आलं तर रड. कोण काय बोलतंय ते मी बघते.

तुझीच धाकटी आणि हट्टी,
हौसा