इनासची काच आणि माझा धूप

स्फाक्स, सोमवार

प्रिय नजीबाताईस,

धाकट्या मुफीदाचा मनापासून सलाम. आम्ही इकडे खुशाल आहोत. तिकडे केरकेना बेटावर तू, भावोजी आणि तुझ्या (माझ्यापेक्षा लाडक्या) कोंबड्या ठीक असाल. छातीच्या ऑपरेशनबद्दल तू पत्रात चकार शब्द काढत नाहीस, आणि तपासणीचं नाव काढलं की कोंबड्याच आजारी पडतात.

असो. पत्राचं कारण माझी इनास! अगं, माझ्या मुलीने काडेपेटीएवढी काचेची पट्टी केली आहे. तिच्यात केसाहून बारीक वाटा. एका बाजूने रक्त सोडायचं. चांगल्या पेशी निसटून जातात आणि कर्करोगाच्या, लपूनछपून फिरणाऱ्या, तेवढ्या आत अडकतात. भावोजी समुद्रात खजुरीच्या झावळ्यांचं कुंपण घालतात ना, पाणी जातं आणि मासा राहतो, अगदी तसं. (हे मी पावाच्या रांगेत सगळ्यांना समजावलं. एक बाई म्हणाली, "मग मुलीला मासेमारीलाच का नाही लावलंस?" जळते मेली.) तुझ्यासारखं ऑपरेशन झालेल्यांचं रक्त आता डॉक्टर तिच्याकडे पाठवतात.

पण इतक्या लोकांना सांगितल्यावर दृष्ट लागणारच की! म्हणून मातीच्या शेगडीत निखारे घेतले, त्यावर धूप टाकला आणि थेट प्रयोगशाळा गाठली. दारावरच्या माणसाला "मी इनासची आई" एवढंच सांगितलं, तर तो उठून उभा राहिला. (ताई, तुझ्या बहिणीसाठी आजवर कोणी उभं राहिलं नव्हतं.) आत जाऊन पट्ट्या बनवायच्या यंत्रावरून शेगडी छान ओवाळली, तोच भोंगा वाजला. त्या खोलीत म्हणे धुळीचा कणही चालत नाही, वाटा बुजतात. तयार पट्ट्या सगळ्या वाया गेल्या. इनासने कपाळाला हात लावला, "आई, दृष्ट लागायला काहीतरी शिल्लक ठेवायचंस!" तिचे साहेब मात्र खोकत खोकत म्हणाले, "वास छान आहे हो." मग पोरीने सगळं पुन्हा केलं, आणि पहिल्यापेक्षा सरस केलं. म्हणजे धूप लागू पडलाच की नाही?

तुझी (अभिमानाने फुगलेली)
मुफीदा

ता.क. इनासने माझ्याशी अबोला धरलाय. म्हणते, "मावशीला रक्त द्यायला घेऊन ये, मगच बोलेन." माझ्यासाठी तरी ये.

आणखी ता.क. वरचं खोटं आहे. ती बोलते, आणि रोज तुझ्याबद्दलच विचारते. खरी घाबरलेय ती मीच. अम्माचं आपल्याला वेळेवर कळलं नाही, ताई. गुरुवारी ये. सुई टोचताना तुझा हात मी धरेन. तूही माझा घट्ट धर.