चित्रात नसलेला बैल

मी, सेओबी मोत्लाडी, राहणार लेत्लापेंग, वय सुमारे पंचावन्न, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. कोणाचा धाक नाही, सकाळपासून बिअरचा थेंबही घेतलेला नाही. मी सांगतो आणि शाळेचे तिरो गुरुजी लिहितात. माझं बोलणं त्यांनी सुधारू नये, असं बजावलं आहे.

कलम १. घर, धान्याची कणगी आणि सात गुरं माझी एकुलती मुलगी सेन्वेलो हिची. मुलीला गुरं देत नाहीत, असं पंच कुरकुरतील. कुरकुरू देत.

कलम २. नोकाना ओढ्यापलीकडचं शेतही सेन्वेलोचं. चतुःसीमा: पूर्वेस खडक, उत्तरेस काटेरी झाड, दक्षिणेस वारुळं, पश्चिमेस ओढा. ओढ्याकाठी गोऱ्या शेतकऱ्याच्या कुंपणाची तार आहे, ती मी सीमेत धरत नाही. हे शेत माझ्या सासूचं, मग बायकोचं. गुरुजी विचारतात, "बाबा, सरकारने जे तुमचं नाही म्हटलंय, ते तुम्ही देणार कसं?" देतोय, बघा.

कलम ३. भिंतीवरचं विलायती छापील चित्रही तिलाच. त्यात बिबळ्याचं कातडं पांघरलेला एक म्हातारा मुखिया ओढ्यापलीकडे बोट दाखवतो आहे. खाली छापलंय की ओढा हीच आपल्या जमातीची हद्द, असं तो दाखवतो. तो म्हातारा मी. तेव्हा मी तिशीचाही नव्हतो, मुखिया कधीच नव्हतो, आणि अंगात चांगली विजार होती. मोजणीवाल्या साहेबाची झेंडी धरायला मला ठेवलं होतं. साहेब दुर्बिणीत बघत होता, चित्रकार वहीत रेघा ओढत होता. तेवढ्यात माझा फाला नावाचा बैल ओढा ओलांडून आमच्याच ज्वारीत शिरला. मी हात लांब करून ओरडलो, "अगं, फाला शिरला बघ! हाकल त्याला!"

पाठीला सेन्वेलोला बांधून बायको राखणीला उभी होती. ती म्हणाली, "बैल तुमचा, तुम्हीच या! झेंडी धरून पोट भरतं का?"

चित्रात बैल नाही, बायको नाही, ज्वारीचं गवत झालंय. राहिलं ते माझं बोट.

चार वर्षांनी हद्दीची चौकशी बसली, तेव्हा अधिकाऱ्याने हेच चित्र पुढे केलं. मी म्हणालो, "नाक माझं नाही, हात माझा आहे. पण मी बैल दाखवत होतो, तो आमच्या ज्वारीत होता." दुभाषी माझा धाकटा भाऊ मोलेफे. त्याने एवढंच सांगितलं, "हात माझाच, म्हणतो." बाहेर आल्यावर मी त्याची गचांडी धरली. तर म्हणे, "दादा, एवढ्या मोठ्या साहेबासमोर बैलाचं काय सांगायचं? हसला असता तो!"

हसू नये म्हणून शेत गेलं. मी त्याला माफ केलेलं नाही.

कलम ४. म्हणून फालाची शिंगं मोलेफेच्या दारावर ठोकावीत. आता बैल वगळून दाखव म्हणावं.

कलम ५. माझी बायको मरेपर्यंत दर पेरणीला तारेखालून जाऊन एक ओळ ज्वारी पेरत आली. दोनदा आमच्या शेळ्या जप्त झाल्या, तरी थांबली नाही. मला तिचा फार अभिमान होता, आणि हे तिला कधी सांगितलं नाही. सेन्वेलो, ती ओळ आता तुझी. ज्या वर्षी पेरणार नाहीस, त्या वर्षी ते चित्र खरं ठरेल.

गुरुजी म्हणतात, सहीच्या जागी फुली मारा. मोजणीवाल्यांनी आमच्या झाडांवर फुल्याच मारल्या होत्या. मी फुली मारणार नाही. मी बैल काढतो.

निशाणी: बैल, शिंगांसकट, तोंड ओढ्यापलीकडे.

साक्षीदार १: तिरो माबे, शिक्षक.

साक्षीदार २: मोलेफे मोत्लाडी, भाऊ. (ज्याला काही मिळतं त्याने साक्ष देऊ नये, असं गुरुजी म्हणाले. शिंगं ही मिळकत नव्हे, शिक्षा आहे.) मजकूर पूर्ण ऐकला. बैल पाहिला. तो ज्वारीत होता, आणि ज्वारी वहिनीची होती.

लेत्लापेंग, पेरणीआधीचा महिना, सन १९११.