सगळ्या पात्यांना एकच कोन

तीर्थस्वरूप मामांस,

भाचीचा नमस्कार, आणि या वेळी तो चांगला धारदार आहे! मामींचा गुडघा काय म्हणतो? तुमचा खोकला गेला असेल अशी आशा आहे. नसेल तर मामींचं ऐका (तुम्ही ऐकत नाही, हे आईने मुद्दाम लिहायला सांगितलंय).

मामा, आपल्या घरात क्रांती झाली! तुम्हाला माहीतच आहे, आई सुरीला धार लावते ती कपाच्या बुडावर, आणि बाबा रोपवाटिकेतला कलमाचा चाकू घासतात पायरीच्या दगडावर. का, हे कधी कुणी विचारलंच नाही. पदवी घेतलेली घरातली पहिली मुलगी म्हणून विचारणं माझं कर्तव्यच होतं. मी जाहीर केलं की यापुढे या घरात धार अंदाजाने नाही, अभ्यासाने लागेल. "लागू दे," आई म्हणाली, "पण स्वयंपाकाच्या आधी."

मग मी बाजारातलं सगळं पाहिलं. दोन चाकांमधून सुरी ओढायचं यंत्र झटपट काम करतं, पण धार देण्याच्या नावाखाली पातंच खातं (दुकानदाराने ओढून दाखवलं तेव्हा असा आवाज झाला, की दुकानातलं मांजर उठून बाहेर गेलं). विजेचं त्याहून खादाड. पाण्यात भिजवायचा दगड उत्तम, पण त्यावर कोन हातानेच सांभाळावा लागतो, आणि माझा हात किती स्थिर आहे ते माझं भरतकाम पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. शेवटी सापडलं ते शिकंज्याचं! पातं शिकंज्यात पकडायचं, दगड दांडीला लावायचा, एकदा ठरवलेला कोन जन्मात हलत नाही. मामा, मला तर वाटलं, समाजही असाच चालायला हवा. मी घरातल्या झाडून सगळ्या पात्यांना तोच कोन दिला, दोन्ही बाजूंना सारखा. लहान-मोठं, आपलं-परकं काही ठेवलं नाही. आईची सुरी आता टोमॅटोवर नुसती ठेवली तरी खाली उतरते (आईच्या दोन बोटांना पट्ट्या आहेत, पण ती खूश आहे, असं मी समजते).

त्याच उत्साहात मी बाबांचा चाकूही घेतला. त्याची एक बाजू अगदी सपाट होती. एका बाजूला धार आणि दुसरी बिचारी वंचित? मला राहवेना. सकाळी बाबांनी तो गुलाबाच्या फांदीवर चालवला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "झकास! आता याने दाढी होईल, कलम नाही." त्यांनीच मग समजावलं, की सपाट बाजू फांदीला टेकते म्हणून काप सरळ येतो, आणि दोन काप फट न राहता जुळले तरच कलम धरतं. आता काप होडीसारखे येतात. आणि याच आठवड्यात एका मोठ्या बागेची कलमं बांधायची आहेत; ती सुकली तर ते गिऱ्हाईक पुन्हा आपल्या दारात यायचं नाही.

तरीही पद्धत चुकलेली नाही, मामा. फक्त एक अपवाद लक्षात आलाय.

तुमची,
भाची

ता. क. बाबांच्या जोडीने घेतलेला तुमचा तसाच चाकू अजून आहे ना? उद्या-परवाच घेऊन याल का? बाबांच्या चाकूची सपाट बाजू परत आणायला मला जरा वेळ लागेल.

ता. ता. क. (हे बाबांच्या हातचं.) चाकू आण, पण माझ्याच हातात दे. पोर मागेल, गोड बोलेल, कोन समजावून सांगेल. ऐकून घे, सांगते फार छान. फक्त खिशावरचा हात काढू नकोस.